एकसष्टावं पान

फेल्डहोवन, ३ मार्च २०२५

ती. सुदर्शनमामांस,
मृण्मयीचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही तिघं खुशाल आहोत. ईशान रोज पावसात सायकल मारत ऑफिसला जातो आणि घरी येऊन हवामानाच्या नावाने खडे फोडतो. ज्ञानदाला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डचमध्ये येतं. मामीने पाठवलेलं लोणचं तिनेच संपवलं, एवढं मामीला नक्की सांगा.

आता कामाचं. फोनवर तब्येत आणि पत्रात काम, हा तुमचा हवाई दलातला दंडक मी अजून पाळते. टिलबर्गच्या आमच्या ऑफिसात सध्या सैनिक नेणाऱ्या एका विमानाचा अभ्यास चालू आहे. त्याच्या पंखांच्या टोकांना दोन मोठे रोटर, म्हणजे फिरती पाती, असतात. ते वर वळवले की हेलिकॉप्टरसारखं सरळ उठतं, पुढे वळवले की विमानासारखं सुसाट जातं. सुसाट असताना त्याला गाठणं कठीण. पण उतरण्यासाठी रोटर पुन्हा वर वळवावे लागतात, आणि शेवटचे चाळीस सेकंद ते चोवीस माणसं पोटात घेऊन संथपणे खाली येत असतं. झटकन वळता येत नाही, घाईने खाली यावं तर तोल जातो. खालून कुणी नेम धरला तर चुकणं अवघड.

आमच्या अहवालावरून एक सैन्य (कुठल्या देशाचं ते विचारू नका) ठरवणार आहे की थेट शत्रूच्या दारात उतरायचं, की टेकडीआड उतरून चालत जायचं. आमचे साहेब योस्ट यांना पहिल्या पानावर संपूर्ण उड्डाणाच्या धोक्याचा एकच आकडा हवा आहे. तासाभराच्या उड्डाणात चाळीस सेकंद मिसळले की धोका नगण्य दिसतो. त्या सेकंदांचा आलेख मी परिशिष्टात, एकसष्टाव्या पानावर घातला आहे. तेवढं पुरे का, की अडून बसू? अहवाल २४ तारखेला जाईल.

मामीस नमस्कार. लोभ आहेच, सल्लाही असावा.

आपली,
मृण्मयी

---

पुणे, १५ मार्च २०२५

चि. मृण्मयीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. लोणच्याची बातमी ऐकून तुझी मामी हवेत आहे, आता दोन बरण्या येतील. तिचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, बाकी ठीक.

अडून बस. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. तुझ्या अहवालात आडात पाणी आहे आणि पोहरा रिकामा.

माझ्या तळावरच्या दोस्ताचं, नीळकंठचं नाव तू आमच्या घरात ऐकलं असशील, गोष्ट कधी ऐकली नसशील. आम्ही सीमेवरच्या एका तळावर होतो. आमचं हेलिकॉप्टर सलग तीन दिवस एकाच मोकळ्या जागी उतरत होतं, आणि ती जागा समोरच्या, शत्रूच्या डोंगरावरून स्पष्ट दिसायची. चौथ्या दिवशी सकाळी उतरायची जागा बदला, असा शेरा मी नोंदवहीत लाल शाईने लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या, सही केली. रीतसर. संध्याकाळी साहेबांनी वही उघडली तेव्हा नीळकंठ आणि आणखी पाच जण गेले होते. उतरतानाच हेलिकॉप्टरला गोळी लागली. माझा शेरा सगळ्यांनी वाखाणला. मला पदोन्नतीही मिळाली.

पहिल्या पानावर लिही, पोरी.

तुझा,
सुदर्शनमामा

---

फेल्डहोवन, ३ एप्रिल २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल आलं. अहवाल जाऊन नऊ दिवस झाले होते.

मी अडून बसले नाही. योस्टने दोनदा विचारलं, सगळं नीट आहे ना, आणि मी दोन्ही वेळा सांगितलं की परिशिष्टात आहे. त्या सैन्याने थेट शत्रूच्या दारात उतरायचं ठरवलं आहे.

मामा, एक विचारते, राग मानू नका. सोळा तारखेला रविवारी आपण फोनवर बोललो. माझं पत्र तुम्हाला मिळून दोन दिवस झाले होते. आपण दहा मिनिटं मामीच्या गुडघ्याबद्दल बोललो. तुम्ही का नाही बोललात? आणि मी तरी का नाही विचारलं? मला स्वतःची लाज वाटते.

समोरासमोर बोलायला मी त्या लोकांकडे पंधरा मिनिटं मागितली आहेत. २८ तारीख मिळाली. योस्ट म्हणतो, फार आशा ठेवू नकोस.

या वेळी लोभासोबत थोडा रागही आहे, तो मात्र वाढू देऊ नये.

मृण्मयी

---

पुणे, १४ एप्रिल २०२५

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

त्या रविवारी तुझा आवाज ऐकला आणि वाटलं, पत्र कालच पेटीत टाकलंय, आपलं काम झालं. शेरा लिहिला तेव्हाही असंच वाटलं होतं. नोंदवहीच्या टेबलापासून हेलिकॉप्टरपर्यंत एकशे वीस पावलं होती. नीळकंठ हेलिकॉप्टरच्या दारात उभा राहून बुटाची नाडी बांधत होता. मला तो दिसत होता. मी शाई वाळायची वाट पाहत बसलो.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा २८ तारीख उलटलेली असेल, म्हणून मी आजच फोन करणार आहे. पण नाडीचं तोंडाने सांगता येणार नाही, म्हणून इथे लिहिलं.

चुकला तरी तुझाच,
मामा

---

फेल्डहोवन, ५ मे २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. नाडीचं मी ईशानलाही वाचून दाखवलं.

त्या दिवशी तुम्ही तब्येत न विचारता थेट सुरुवात केलीत तेव्हा मला वाटलं, मामीचं काही बरंवाईट झालं. पण बरं झालं फोन केलात. बैठकीत मी आलेख दाखवलाच नाही. समोर घड्याळ ठेवलं आणि सगळ्यांना चाळीस सेकंद गप्प बसायला सांगितलं. पंधराव्या सेकंदाला एकाने खुर्ची सरकवली. तिसाव्याला कुणीच कुणाकडे बघत नव्हतं.

नंतर ते सौजन्याने वागले. निर्णय मात्र वरपर्यंत गेला आहे आणि माणसं रवानाही झाली आहेत. पुढच्या वर्षी फेरविचार करू म्हणाले. निघताना त्यांच्यातला सर्वांत तरुण अधिकारी दारापाशी थांबला. हे पहिल्या पानावर असतं तर आम्ही टेकडीआडच उतरलो असतो, असं म्हणाला. त्याचा धाकटा भाऊ पहिल्या तुकडीत आहे.

आता मी रोज बातम्या बघते. परिशिष्ट मी स्वच्छ, सुरेख केलं होतं, मामा.

रविवारी फोन करते. गुडघ्याचं शेवटी विचारीन.

आपली,
मृण्मयी