गोधडीचा चौथा कोपरा

५ नोव्हेंबर १९७९, सोम.
दिवाळीचं शिवण संपलं. दोन दिवस मशीन उघडलं नव्हतं. आज तेल घातलं, दात्यांखाली अडकलेली कापसाची पुंजकी काढली. आता गोड चालतंय.
इगतपुरीहून सुमीचं पत्र. आठवा लागला. जावईबापू रविवारी आणून सोडणार. शेवटी लिहिलंय, "आई, माझ्या बाळाला गोधडी तुझ्या हातची पाहिजे." शांताला वाचून दाखवलं. तिनं ऐकलं आणि तोंड भिंतीकडे केलं. म्हणाली, "बाजारातनं ब्लँकेट आणा येक."
या गल्लीतलं एक पोर नाही जे शांताच्या गोधडीत वाढलं नाही. आषाढात तिला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. पाय परत आला, बोलणं आलं. हात आला नाही. सुमीला हे सगळं ठाऊक आहे, तरी लिहिलं. पोरगी माझ्यावर गेलीय.

८ नोव्हें., गुरु.
डॉक्टर म्हणाले, डावा हात कामाला लावा, नुसतं बसवून ठेवू नका. घरी आल्यावर मी हळूच म्हटलं, गोधडीचे टाके डाव्यानं घालून बघ ना. शां.: "लेकराच्या अंगावर डाव्या हाताचा टाका? नाय."
दर रविवारी बुद्धविहारात जाते, शुभ-अशुभ काही नसतं हे तिथं पटतं तिला. पण डावं-उजवं काही सुटत नाही. मी वाद घातला नाही. बावीस वर्षांत तिच्याशी वाद दोनदा जिंकलो, दोन्ही वेळी नंतर कळलं की चूक माझीच होती.

११ नोव्हें., रवि.
सुमी आली. पोट पुढं, चेहरा भरलाय. आईच्या उशाशी बसून उजवा हात चोळत होती. शां. तिला घे-खा म्हणते, पण गोधडीचं नाव काढत नाही.
मग मीच जाहीर केलं, गोधडी मी शिवतो. मशीनवर. देवळ्याहून आलो तेव्हा काजं करायचो, आज अर्ध्या नाशिकरोडच्या पँटी माझ्या हातच्या. गोधडी म्हणजे काय मोठं?
शां.च्या नाकातून एक आवाज आला. चार महिन्यांत पहिला हसण्याचा. "मशीनची गोधडी ताठ ऱ्हाते. पोराला टोचंल."
ट्रंकेतून जुनेर काढलं. आईचं हिरवं लुगडं, शां.चं लाल, माझं धोतर, सुमीचे फ्रॉक. धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं कापड.

१४ नोव्हें., बुध.
चार बोटांचे चौकोन कापले. एका ओळीत आठ, ओळी दहा. शिवणीला पाव इंच माया. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. एकावर एक ठेवल्या तर दुसरी बोटभर तोकडी! टेप लावून बघितलं. प्रत्येक शिवणीत अर्ध्या सुताचा फरक. पँटीत एवढं कुणी विचारत नाही. इथं सात शिवणी, म्हणजे चूक सातदा.
पुठ्ठ्याची पट्टी कापून सुईच्या उजवीकडे चिकटवली, कापडाची कड तिला घासून चालवायची. आता ओळी बरोबर.
आतून आवाज आला. "कमी पडली ना? जुनं लुगडं हाय ते. तुमच्या टेरिकॉटवानी गप नाय बसायचं."
डोळे भिंतीकडे, पण कान इकडे.

१९ नोव्हें., सोम.
आईचं लुगडं मधे विरलेलं. चांगला भाग वाया जाऊ नये म्हणून शहाणपणा केला, तिरपं कापलं. शिवताना चौकोनाचे शंकरपाळे झाले. कड भाजलेल्या पापडासारखी वर-खाली.
शां., पाठ न वळवता: "उरेब कापलं."
म्हटलं, तुला तिकडून काय दिसतं?
"दिसत कुठं? मशीन वढतंय, आयकू येतं ना."
माझे कान तिखट म्हणून गिऱ्हाईकं माझ्यासमोर भावाचं बोलत नाहीत. आणि इथं घरातच माझा गुरू.
कापड तिच्याकडे नेलं. डाव्या हाताच्या दोन बोटांनी कोपरा धरला, मला म्हणाली दुसरा धरा. "हिकडं वढा. वाढतं ना? आता उभं वढा. नाय वाढत. लेकराचं आंग घासून घासून असलं कापड लोंबतं."
चार महिन्यांनी कापडाला हात लावला. डावा. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

२५ नोव्हें., रवि.
युक्ती सापडली. एक जोडी शिवली की दोरा कापायचा नाही, लगेच दुसरी सुईखाली सरकवायची, मग तिसरी. तीस-बत्तीस जोड्या एका दमात. मशीनमागून जमिनीवर तोरणच पडलं. सुमीनं ते गळ्यात घालून आईसमोर फेरी मारली. शां. म्हणाली, "आगं हळू, पोटुशी हायेस का वासरू?" पण बघत राहिली.
नंतर अवलक्षण झालं. ओळीला ओळ जोडताना चार तुकडे मिळतात तिथं गाठ झाली आणि सुई टक्कन मोडली. दुसरी घातली, तीही मोडली. सुया काय झाडाला लागतात?
शां.नं सुमीला हाक मारली. मला नाही. "तुझ्या बापाला सांग, वरल्या वळीची शिवण उजवीकडं पाडा, खालच्या वळीची डावीकडं. मंग येकमेकींत बसत्यात. दोन्ही येकाच बाजूला पाडल्या तर भांडत्यात."
पाडल्या तशा. कोपऱ्यात कोपरा असा बसला की नखाला लागत नाही.

२ डिसेंबर, रवि.
इथं खरं लिहायला हरकत नाही. काल दोन लाल चौकोन शेजारी-शेजारी लावले ते मुद्दाम. परवा टाका मोठा ठेवला तोही मुद्दाम. मी चुकलो की ती बोलते. एका चुकीला दहा-बारा वाक्यं. मधेच चहा मागते, सुमीला जुन्या गोष्टी सांगते, कुणाच्या बाळंतपणात कोणतं लुगडं फाडलं ते सगळं.
आज तिसरी चूक केली, आणि:
"मास्तर, मुद्दाम करता ना?"
"छे."
"खोटं बोलताना तुमचं मशीन हळू चालतं."
सुमी उठून मोरीत गेली हसायला.

९ डिसें., रवि.
ही चूक मात्र खरी. वर तुकड्यांचा थर, मधे धोतर, खाली लुगडं. कडेपासून शिवत निघालो. मशीनचा पाय वरचं कापड पुढं ढकलतो आणि खालचे दाते खालचं मागं ओढतात, हे मला तीस वर्षं माहीत आहे. तरी विसरलो. शेवटाला वर दोन बोटं कापड शिल्लक, उलटून पाहिलं तर मागं चुण्याच चुण्या.
दोन दिवस उसवत बसलो.
शां.: "मधनं सुरू करायचं, कडंला सरकायचं. आन् आधी कच्चा टाका."
कच्चे टाके सुमीनं घातले. शां. काठीनं दाखवत होती, इथं, इथं नाय, तिथं. शाळाच भरली. मग मधून शिवत आलो. पाण्यासारखी सपाट झाली. हात फिरवला तर कुठं ताठ नाही. शां.नं गालाला लावून बघितली. गाल लगेच काढला नाही. म्हणजे पास.

१६ डिसें., रवि.
आज चारी बाजू बंद केल्या. कडेला निळी पट्टी, कोपरे चौकोनी, काटकोनात. इतकं पक्कं काम आयुष्यात केलं नाही. बाहेर दोरीवर टाकली, येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावी म्हणून.
गयाबाई आली. मखमलाबादची, टोपलीत शेवंती घेऊन दारोदार फिरते. शां.ची जुनी गोधडीतली सोबतीण, कितीतरी गोधड्या दोघींनी मिळून शिवल्या. "मास्तर, गोधडी झक्कास! खिसा नाय लावला?"
मग चारी कोपरे चाचपले. चेहरा उतरला.
"घास कुठं घातला?"
घास. शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालून मग तोंड शिवायचं. गोधडी उपाशी राहू नये, तिच्यात झोपणारा उपाशी राहू नये. जी शिवते तिनं घालायचा, तिनंच शेवटचे टाके घालायचे. बावीस वर्षं शां. माझ्या पाठीमागं बसून ते करत आली आणि मी पँटी शिवत राहिलो.
शां. दारापर्यंत आली होती काठी टेकत. गोधडीकडे बघितलं. "बंद करून टाकली," एवढंच म्हणाली.
परत खाटेवर. भिंतीकडे तोंड.

१७ डिसें., सोम.
सकाळीच चौथा कोपरा उसवला. चार बोटं नव्हे, चांगला वीतभर. भाकरी घेऊन तिच्यापुढं उभा राहिलो.
"ज्यानं शिवली त्यानं घालावा."
"अर्धी तुझी आहे."
"माझा हात कुठं लागलाय तिला?"
तोंड लागलं, कान लागले, पण ती विचारते ते हाताचं.
सुमी मला म्हणाली, दादा, घाला ना तुम्हीच, किती ताणायचं. मी घालू शकतो. कोण अडवणार? पण मी घातला की ती कायमची सुटली त्यातून. मग भिंत आणि ती.
गोधडी घडी करून तिच्या उशाशी ठेवली. उसवलेला कोपरा वर.

९ जानेवारी १९८०, बुध.
मुलगी! सकाळी. दोघी सुखरूप. रंग जावईबापूंचा, रडणं आमच्याकडचं.

१३ जाने., रवि.
घरी आणली. थंडी आहे. पण उपाशी गोधडी पांघरायची नाही, गयाबाईनं दारातूनच बजावलं. तेव्हा माझ्या धोतराची चौघडी. पोर त्यातही झोपते मजेत.
शां.च्या मांडीवर दिली. उजव्या हाताखाली उशी लावली, डाव्यानं ती थोपटत होती. पोरगी दोन मिनिटांत झोपली. कुठला हात आहे, तिनं विचारलं नाही. शां.नंही पाहिलं ते. मग बराच वेळ आपल्या त्या हाताकडे बघत बसली.

१ फेब्रुवारी, शुक्र.
दुपारी आतून आवाज आला. अगदी बारीक. कापडातून दोरा ओढल्याचा. थांबला. पुन्हा. सुमी शेजारी गेलेली, म्हणजे...
मी वळलो नाही. सुईतला दोरा काढला आणि मशीन नुसतंच चालवत राहिलो, मी कामात आहे असं तिला वाटावं म्हणून. अर्धा तास रिकामं मशीन. पाय दुखले, पण असं गोड दुखणं दुसरं नाही.
नंतर तिच्या उशीखाली चिंधी दिसली. वाकडे-तिकडे टाके, कोंबडी चालल्यासारखे. पहिल्या ओळीपेक्षा चौथी बरी. होती तशी ठेवली. सुमीलाही बोललो नाही.

१५ फेब्रु., शुक्र.
सव्वा महिना होत आला. परवा सुमी आणि पोर इगतपुरीला जाणार. जावईबापूंचं पत्र आलं, तिकडं अजून पहाटे दात वाजतात.
सकाळी दोन ब्लाउज घेऊन बसलो होतो. लग्नाचे, आजच हवेत.
"मशीन थांबवा," शां. म्हणाली. "त्याच्या धडधडीनं हात भितो माझा."
थांबवलं. तिनं सुमीकडे भाकरी मागितली. तुकडा मोडला डाव्या हातानं, आणि तिथंच अडली. गोधडी मांडीवर, कोपरा उघडा, तुकडा हवेत. मग तिनं तुकडा उजव्या तळहातावर ठेवला. डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरलं, उचललं, कोपऱ्यापर्यंत नेलं आणि हात कलता केला. तुकडा आत पडला.
सुमी रडायला लागली. शां.: "रडतीस काय, दोरा दे."
दोरा मी ओवला. मला तीनदा ओवावा लागला.
पहिला टाका बोटभर लांब, तिरका. तोंडातून निघून गेलं, "उसवू का?" असं बघितलं माझ्याकडे! दुसरा त्याहून बरा. तिसऱ्याला घाम आला तिला.
तेवढ्यात गयाबाई टोपली घेऊन दारात. "झाली का गं?"
"चाललीय. माझ्या हातानं चाललीय, मास्तराच्या पायानं नाय."
गयाबाई टोपली खाली ठेवून बसूनच राहिली. दोन शेवंत्या पोरीच्या उशाशी ठेवल्या.
अजून चार बोटं उघडं आहे. तासाला तीन टाके, मग हात दमतो, मग ती तो मांडीवर ठेवून देते आणि पोरीकडे बघते. परवापर्यंत होईल का, कुणी विचारलं नाही. सुमीनं सामान बांधायला घेतलंय, गोधडीपुरती जागा ठेवलीय पिशवीत.
मशीनवर झाकण घातलं. ब्लाउजवाली येऊन गेली, म्हणाली, मास्तर, मशीन बंद? म्हटलं, आज घरात दुसरं शिवण आहे, उद्या या. रागावली. रागावू दे.
पायरीवर बसून लिहितोय. पाठ आत, कान आत. दोरा ओढला. सहावा. आता थांबली आहे. उसवतेय की पुढचा घेतेय, ते इथून कळत नाही.