प्रेसची बोली

वाळूज, ९ जुलै २०२३

ती. आत्याबाईंना मोनिकाचा शि. सा. न. वि. वि.

माझा नंबर लागला! सरकारचा दोन वर्षांचा कोर्स आहे, आमच्यासारख्या ठेकेदारीतल्या बायांसाठी. डाय बनवायला शिकवणार. पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या ज्या प्रेसवर तुम्ही जन्मभर बसलात आन आता मी बसते, तिच्या पोटातला साचा म्हणजे डाय. डाय करणारी माणसं वेगळ्या खोलीत असतात, दार लावून. तिथं धडधड पोचत नाय. साध्या आवाजात बोलतात एकमेकांशी, मी काचेतून बघितलंय. शिकताना खाण्यापुरतं विद्यावेतन आहे, नायतर आपल्याला दोन वर्षं कुठली परवडायला.

अडचण एकच. होस्टेलात लेकरू चालत नाय. सोनियाला तुमच्याजवळ देवगाव रंगारीला सोडते. तुमचा शिवम, तिचा बाप, गेल्यापासून ती माझ्या कुशीतून हललेली नाय, तीन वर्षांचा जीव, रडेल. तुम्हाला ऐकू येणार नाय, तर झोपताना तिच्या पोटावर हात ठेवत जा, म्हणजे कळेल. कोर्स संपला की मी डायच्या खोलीत आन तुम्ही दोघी माझ्याजवळ.

फोन तुमच्या कामाचा नाय, म्हणून पत्रं कडुबाच्या भाजीच्या टेम्पोत देत जाईन.

माया आहे तशीच ठेवा.
तुमची सून
मोनिका

&nbsp;

देवगाव रंगारी, ३ सप्टेंबर

चि. मोनिकास द्वारकाबाईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कडुबा चहा पिला, वर पोहे बी मागितले. तुझ्या पत्राला लई भाडं पडतंय.

तो सांगत व्हता, तू गेल्यापासून एकच लोखंडाचा तुकडा घासत बसलीस. अगं, मी भांडी घासायला शिकले तर मला कुणी विद्यावेतन दिलं नाय! गंमत करते. घास बाई. प्रेसनं माझे कान खाल्ले, तुझे शाबूत राहू दे. मला काय पायजे दुसरं.

सोनिया आधी आठ-पंधरा दिवस हिरमुसली व्हती. आता शेळीच्या मागं पळती. शेतातल्या घरात आम्ही दोघीच, पण कंटाळा म्हणून नाय.

जिवाला जप, आन उपाशी घासू नको.
द्वारकाबाई

&nbsp;

वाळूज, १ ऑक्टोबर

ती. आत्याबाईंना शि. सा. न. वि. वि.

हसा, हसा. आमचे गयास सर सांगतात की लोखंडाला घाई कळत नाय. कानशीनं घासायचं, मग त्यावर गुण्या, म्हणजे काटकोनाची पट्टी, उभा धरून उजेडाकडं बघायचं. मधून केसाएवढा उजेड दिसला तरी परत घासा. काल माझ्या तुकड्याखालून उजेड आला नाय. सरांनी तो सगळ्यांना दाखवला. मला रडूच आलं. प्रेसवर मी इतकी वर्षं पार्ट काढले, एक तरी माझा म्हणून कुणी हातात धरला का?

पण एक सल आहे. रविवारी तुमच्या गावातल्या गोजरबाईच्या डबड्या फोनवर सोनियाशी बोलायला गेले. हाका मारमार मारल्या, पलीकडून नुसता वारा. गोजरबाई म्हणाली, पोरगी हसतेय, मान हलवतेय. फोनमधी मान कशी दिसणार? माझ्यावर रुसली का ती? खरं सांगा.

रागवा, पण आठवण काढत राहा.
मोनिका

&nbsp;

देवगाव रंगारी, १५ ऑक्टोबर

चि. मोनिकास अनेक आशीर्वाद.

रुसती कशाची! दिवसभर हिच्या तोंडाला खीळ नाय. शेळीनं काय खाल्लं, मुंगी कुठं गेली, आई कधी येणार, सगळं सांगती. आन इतकं साफ बोलती की माझा एक शब्द सुटत नाय. मीच शिकवलं. प्रेसवर त्या धडधडीत आपण बाया बोलायचो ना, ओठ मोठे हलवायचे, जोडीला हात, तसं. पोरगी तुझ्यापेक्षा हुशार निघाली. तुला शिकायला लई दिवस लागले व्हते.

दिवाळीला ये, मग बघ तिची बडबड.

वाटेकडं डोळे आहेत.
द्वारकाबाई

&nbsp;

वाळूज, १९ नोव्हेंबर

ती. आत्याबाईंना शि. सा. न. वि. वि.

तोंडानं सांगायला जमलं नाय, म्हणून लिहिते.

दिवाळीत तुम्ही दोघी समोरासमोर बसला होता. ती ओठ हलवत होती, तुम्ही खळाळून हसत होता. मी मधी बसले होते. मला काहीच ऐकू आलं नाय. आधी वाटलं, खेळ चाललाय. मग ती ओट्यावरून पडली, गुडघा फुटला, तर ओरडली नाय. उठली आन तुमचा पदर ओढला.

आत्याबाई, सोनिया आवाज काढत नाय.

तुम्हाला बाजाराचं नाव सांगून मी तिला कन्नडला डॉक्टरकडं नेलं. गळा चांगला, कान चांगले. ते म्हणाले, घरात आवाजाचं कामच पडत नाय म्हणून पोरीनं तो टाकून दिलाय. बोलत्या माणसांत ठेवा, हळूहळू येईल, पण उशीर करू नका.

मी कोर्स सोडते. सरांना अजून सांगितलं नाय.

तुमचा दोष नाय, एवढं मनात ठेवा.
मोनिका

&nbsp;

देवगाव रंगारी, २२ नोव्हेंबर

चि. मोनिकास आशीर्वाद.

मला ती बोलताना दिसत व्हती. दिसतंय म्हणजे आवाज असंलच, असं धरून चालले. मला कोण सांगणार व्हतं? शेळी?

तुझं पत्र वाचलं आन तिच्या गळ्याला हात लावून बसले. ती भराभरा बोलत व्हती, हाताखाली काय हलत नव्हतं.

पण तू यायचं नाय. कोर्स सोडलास तर परत प्रेसच. मंग तुझे कान जातील, आन घरात तिघींचं कुणाचंच कुणाला ऐकू यायचं नाय. उद्यापासून तिला रोज गोजरबाईच्या घरी सोडते, तिथं नातवंडांचा कालवा असतो. तू तुझं लोखंड सरळ कर. दोन वर्षं म्हणजे काय जन्म नाय. मंग तिला त्या दार लावलेल्या खोलीतल्या गोष्टी सांग, आवाजात.

माझ्यावरचा जीव कमी करू नको.
द्वारकाबाई

&nbsp;

वाळूज, ८ सप्टेंबर २०२४

ती. आत्याबाईंना शि. सा. न. वि. वि.

कोर्स बंद झाला.

वरून पैसा आला नाय म्हणतात. साहेब येऊन बोलून गेले की एवढ्याशा माणसांवर दोन दोन वर्षं कोण घालवणार, आता तीन-तीन महिन्यांचे वर्ग भरणार, शेकड्यांनी माणसं शिकलेली दाखवता येतील. आमची परीक्षा शेवटी होती, त्यामुळं मधल्या शिक्षणाचा कागद कुणालाच नाय. मी म्हणाले की तीन महिन्यांत तर एक तुकडा सरळ होतो. ते चांगलं हसले आन म्हणाले, मग तेवढंच शिका.

गयास सर खाली मान घालून लोखंड धरायच्या एकेका व्हाइसला तेल लावत होते. परत कुणी वापरणार नाय, तरी लावत होते. मला माझा पहिला तुकडा घेऊन जा म्हणाले.

दोन कंपन्यांत डायच्या खोलीत विचारून आले. हाताचं काम बघून घेतलं असतं म्हणाले, पण कागद पायजे. सोमवारपासून ठेकेदाराकडं जाते. प्रेसवर.

दिवाळीत तुम्हाला दोघींना न्यायला येईन. वचन दिलं होतं तशी खोली नाय, पण आहे.

मला नावं ठेवा, पण टाकू नका.
मोनिका

&nbsp;

देवगाव रंगारी, १२ सप्टेंबर

चि. मोनिकास आशीर्वाद.

दिवाळीची वाट बघू नको. सोनियाला आत्ताच ने. गोजरबाई म्हणती, तिच्या घरी चार शब्द आवाजात काढती, पण माझ्या दारात पाय टाकला की परत मुकी. माझ्या तोंडाकडं बघून बोलायचं तिच्या अंगात बसलंय. मी जवळ असले तर ते निघायचं नाय. म्हणून मी येत नाय.

तिच्या पिशवीत शेळीची घंटा टाकलीय. मला तिचा कधी उपयोग नव्हता.

पोटावर हात ठेवून झोपवत जा. सवय लागलीय. तिला का मला, ते इचारू नको.

द्वारकाबाई

&nbsp;

वाळूज, ३ नोव्हेंबर

ती. आत्याबाईंना शि. सा. न. वि. वि.

दिवाळीला सुट्टी मिळाली नाय. म्हणून हे पत्र.

माझी कामावरची पाळी असली की सोनिया शेजारच्या सारजाबाईकडं असते. त्याही आपल्याच प्रेसवरच्या, पण दुसऱ्या पाळीच्या. आवाजात बोल म्हणून मी रोज मागं लागते. कधी "पाणी" म्हणते, कधी "आई". खोलीत घंटा वाजवत फिरते.

काल पाळी सुटायच्या वेळेला सारजाबाई तिला गेटसमोर घेऊन आल्या. आम्ही बाहेर पडलो. कानात धडधड असते, त्यामुळं बाहेर आल्यावरही बाया थोडा वेळ नुसत्या ओठांनीच बोलतात, तुम्हाला माहीत आहे. एकीनं लांबूनच ओठांनी विचारलं, कुणाची गं तू? सोनियानं रस्त्याच्या पलीकडून तसंच उत्तर दिलं, मोनिकाची. मग दुसरीनं विचारलं, जेवलीस का? मग तिसरीनं. सगळ्यांशी बोलली, हात करून, हसून. इतकी खूश मी तिला इथं आल्यापासून बघितली नव्हती. बाया हसहसून म्हणाल्या की मोनिका, पोरगी तर तयारच आहे गं, हिला शिकवायला कायच लागायचं नाय.

मी तिला हाक मारली. गळा फाटेस्तोवर मारली. तिनं बघितलं नाय, तिची नजर बायांच्या तोंडांवर होती.

मग मी त्या बायांमधी जाऊन उभी राहिले, आन आवाज न काढता नुसते ओठ हलवले. तशी पळत आली.

तुमच्यावर राग नाय, आत्याबाई. माया असू द्या.
मोनिका