डाव्या बाजूचा रंग

अमोस,

माझी रजा संपली, म्हणून सहाच्या एसटीने नगरला निघते आहे. पप्पांनी भंडारदऱ्याच्या पाण्यावर तीस वर्षं चालवलेल्या शिडाच्या होडीची उजवी बाजू मी घासून रंगवली आहे. तो रंग अजून ओला आहे. तिकडे त्यांना हात लावू देऊ नकोस. डावी बाजू त्यांची.

आधीचं आठवत नाही म्हणून ते एकाच फळीवर दिवसभर ब्रश फिरवतात. रंगाचे ओघळ मला दोनदा खरवडावे लागले. म्हणून गेले दहा दिवस मी त्यांना रंगाच्या डब्यात साधं पाणी देत होते. कोरं लाकूड ओलं झालं की गडद दिसतं, ते खूश होतात. दुपारी वाळलं की पुन्हा पहिल्यापासून. हे मी तुला फोनवर सांगितलं नव्हतं.

काल त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि बराच वेळ फळीवर तळहात फिरवला. मग मला म्हणाले, "बाई, ही होडी कुनाची हाय? कोन येडं रोज पानी मारतंय? ओल्या लाकडावर रंग धरत न्हाई. मालकाला सांगा, दोन दिस ऊन खाऊ द्या."

मी म्हटलं, सांगते.

आज आणि उद्या फळी उन्हात राहू दे. परवा त्यांना खरा रंग दे. ओघळ आले तर येऊ देत, खरवडू नकोस.

रूथताई