झिपरूनं बांधलेलं सभागृह

तीर्थस्वरूप सोमनाथ दाजींना खंडेरावाचा कमरेतून वाकून नमस्कार (कंबर अजून वाकते, काळजी नसावी).

तुमची तब्येत, दीपमालाताईचा गुडघा आणि नुकतीच व्यायलेली गाय, तिघांचीही खुशाली कळवावी. फोन सोडून पत्र का, असं वाटलं असेल. तर फोनवर मी तोंड उघडलं की तुम्ही लगेच ‘थांब, ताईला देतो’ म्हणता. पाकीट निदान तुम्हीच फोडाल. दाजी, आपल्या गावाचं सामाजिक सभागृह पास झालं! भर पंगतीत तुम्ही ज्याला म्हणाला होतात की तुझ्या हातून साधी मोरी बांधून होणार नाही, तोच माणूस सभागृह समितीचा अध्यक्ष असताना झालं. छाती अशी फुगली आहे की सदऱ्याची दोन बटणं बायकोनं परत लावून दिली.

सरकारी निधी मिळवणं काय असतं, हे तुम्हाला नामपुरात बसून कळायचं नाही. ठराव झाले, उतारे झाले, ना-हरकत दाखला झाला, त्या दाखल्याला कुणाची हरकत नाही असंही लिहून दिलं (खरंच मागितलं होतं). तीन वर्षं चपला झिजवल्या, त्या हुस्नबानोसाठी. ती सात वर्षं आपल्या ओट्यावर गावातल्या पोरींना शिवण शिकवते. मशीन एक आणि पोरी बावीस, त्यामुळे एक शिवते आणि एकवीस सल्ले देतात. योजनेतून बारा मशीनं मिळणार होती, पण अट अशी की सभागृह मार्चअखेर पास झालं पाहिजे, नाहीतर उरलेला निधी परत आणि मशीनं दुसऱ्या गावाला. मी तिला शब्द दिला होता. शब्द द्यायला कुणाची मंजुरी लागत नाही, हीच तर माझी खोड.

बांधकाम झिपरू गवंड्याला दिलं. त्यानं आजवर दोनशे कांदाचाळी बांधल्यात, एकीतही कांदा सडला नाही. चाळीखेरीज दुसरं काहीच बांधलेलं नाही, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही. नकाशा त्यानं उजेडात धरून पाहिला, घडी घालून टोपीत ठेवला आणि हाताच्या सवयीनं बांधत सुटला. मी तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्यात (म्हणजे नातू रडला की गच्चीवर). दोन महिन्यांनी परत येऊन बघतो, तर जमिनीपासून दोन फूट उचललेली फरशी, खाली वारा खेळायला भोकं, लांबच लांब अरुंद खोली आणि दोन्ही भिंतींत खालपासून वरपर्यंत फटी. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. झिपरू मात्र शांत. म्हणाला, “तात्या, आठे कांदा सहा महिना टिकस. मानूसले दोन तास बसनं शे, त्याले काय व्हस?”

एकोणतीस मार्चला तपासणीचे साहेब आले. ऊन रणरणत होतं आणि वीज सकाळपासून गेलेली. साहेबांनी एकदा सभागृहाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “यात कांदे कधी भरताय?” दारात हुस्नबानो गळ्यात टेप अडकवून उभी होती. तिनं टेप काढून बोटांवर गुंडाळला, आणि दाजी, त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. साहेब म्हणाले, जेवून घेऊ, मग नापासाचा शेरा लिहू. आमच्या घरची वरणबट्टी, त्यावर तूप (बायकोनं हात आखडला नाही). जेवून साहेब सभागृहात आले, बूट काढले, भिंतीला टेकले आणि फाइल उघडता उघडता घोरायला लागले. दोन तास! गाव बाहेर चिडीचूप. जागे झाले तर अंगावर घामाचा थेंब नाही. त्यांनी आधी वर पंखा शोधला, मग फटीशी हात नेला, आणि किती तरी वेळ तो तिथंच ठेवला. मग लिहिलं: विजेविना गारवा, हवा उत्तम, मंजूर.

हुस्नबानो रडली. मीही रडलो, उगाच डोळ्यांत कचरा गेला म्हणत नाही. आता तालुक्यात हुकूम निघालाय की नवी सभागृहं बांधण्याआधी आमचं येऊन बघावं. झिपरू इस्त्रीचा सदरा घालून इंजिनिअरांना फटी समजावतो. मला दोन हार पडले.

ताईला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला विजयी,
खंडेराव

ता. क. : मशीनं यायला आठ दिवस होते आणि माझा कांदा निघाला. एवढी हवेशीर जागा मोकळी कशाला ठेवायची, असं मला वाटलं. मी अध्यक्ष आहे ना.

आणखी एक ता. क. : काल मशीनं आली. हुस्नबानोनं बावीस पोरी लावून माझा सगळा कांदा तासाभरात रस्त्यावर काढला, कुलूप बदललं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “तात्या, हार तुम्हाला, हॉल आम्हाला. परत एक कांदा आत दिसला ना, तर त्याला काज करून बटण लावीन.” सगळं गाव हसलं. खरं सांगू, आतून बारा मशीनं एकदम सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा मलाही हसू फुटलं.

शेवटचं ता. क. : तुमची चाळ यंदा अर्धी रिकामी आहे, असं ताई म्हणाली. हे पत्र घेऊन आलेल्या माणसाला आधी चहा द्या, मग दारातल्या ट्रॉलीकडे बघा. दुसरी मागून येत आहे.