घराची किंमत कमी करून मिळावी

खाडीकाठ, कॅलिफोर्निया
१२ सप्टेंबर २०१३

तीर्थरूप दादास, धाकट्या वर्डेलचा साष्टांग नमस्कार (गुडघे धरलेत, म्हणून खुर्चीतूनच घालते आहे, खाली गेले तर उठवायला तुझ्या मेहुण्याला, ऑर्विलला, हाका माराव्या लागतील). तुझी साखर, वहिनीची कंबर आणि लुइझियानातली वादळं, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा. आम्ही मजेत. घरावर कर्ज चार लाख डॉलरचं आणि घराची किंमत दोन लाखांवर आली आहे, बाकी सगळं ठीक.

तुला दोष देत नाही हो. "घरांच्या किमती कधी खाली येतात का, वेडे? मोठं कर्ज काढ, जुनं फेड, छप्परही बदलून टाक," असं २००५ साली तूच म्हणालास. आम्ही बदललं. छप्पर छानच आहे. खालची किंमत तेवढी निघून गेली.

तर आमच्या नगरपालिकेला अक्कल सुचली आहे (होतं असं कधीकधी). रस्त्यासाठी जशी जमीन सक्तीने घेतात, तशी ती आमची कर्जंच सावकारांकडून सक्तीने विकत घेणार, आजच्या भावाने. मग आम्ही घराच्या खऱ्या किमतीपुरतंच फेडायचं. घर आमचंच राहणार. हे ऑर्विलच्या डोक्यात शिरायला तीन दिवस लागले. तोवर तो हातोडा घेऊन दारात बसला होता, महापौरबाई घर उचलून न्यायला येतील म्हणून.

मग किंमत ठरवणारा माणूस आला. किंमत जितकी कमी, तितकं आमचं नवं कर्ज कमी. शेजारणीने बजावलं होतं, झाडू मारू नकोस. जीव नुसता तळमळला, पण नाही मारला. ऑर्विलने मात्र पहाटे उठून कुंपण रंगवलं! पाहुणा म्हणाला, भिंतीला तडा दिसतोय. झालं! "तडा? कुठाय तडा? एकतीस वर्षं गोदीत वेल्डिंग केलंय, मला तडा दाखवतोस?" असं म्हणून ऑर्विलने त्याला शिडीवरून थेट छपरावर नेलं. मी खोकले, डोळे वटारले, शेवटी पातेलं आपटलं. खाली उतरल्यावर त्या मेल्याने लिहिलं, "स्वयंपाकघर जुनाट." दादा, या स्वयंपाकघरात मी तीन मुलं वाढवली! मी त्याच्या हातातली पेन्सिल काढून घेतली, त्याला खुर्चीत बसवलं आणि कोळंबीचा गंबो, आपला लुइझियानाचा दाट रस्सा, वाढला. त्याने दोनदा मागून घेतला आणि किंमत बारा हजारांनी वाढवली. तेव्हापासून आम्ही दोघं एकमेकांवर खापर फोडतो आहोत.

काल नगरपालिकेची सभा झाली. सावकारांच्या वकिलाने आवाज कापरा करून एक पत्र वाचलं. कुणी एक निवृत्त शाळामास्तर. त्याच्या पेन्शन फंडाचा पैसा म्हणे आमच्यासारख्यांच्या कर्जांत गुंतलेला, आणि आम्ही आळशी, उधळे लोक त्याचं म्हातारपण लुटतो आहोत. सगळं सभागृह हळहळलं. मीही हळहळले. ऑर्विलने तर रुमाल काढला. मग वकिलाने खालचं नाव वाचलं: अल्सीड ब्रूसार्ड, लेक चार्ल्स, लुइझियाना. रुमाल परत खिशात गेला.

अक्षर पाहायला मिळालं नाही, पण "उधळे" वरून मी तुला आधीच ओळखायला हवं होतं.

वहिनीला नमस्कार, नातवंडांना पापा.

तुझी आळशी, उधळी बहीण,
वर्डेल

ता. क. मतदान मंगळवारी आहे. एकच मत कमी पडतंय, आणि ज्याचं मत अडलंय तो सभासद म्हणतो, ते बिचारे मास्तर मनातून जात नाहीत. दादा, तेवढं पत्र मागे घे. चार लाखांचे हप्ते आता झेपत नाहीत, आणि हे घर गेलं तर मी मोडून पडेन. हे थट्टेत लिहिलेलं नाही.

ता. क. २. तुझ्या फंडाच्या कचेरीत फोन करून विचारलं. आमचं अख्खं कर्ज बुडालं तरी तुझ्या वाट्याला वर्षाला चार सेंटचं नुकसान येतं. सोबत एक डॉलर जोडला आहे, पंचवीस वर्षांचा. त्याहून जास्त जगलास तर कळव, वरचे पाठवीन.