फ्लॅश कोण धरणार?

४ जानेवारी

ती. स्व. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला माझं अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनानं रचतोस, म्हणून पत्र लिहिते आहे.

छत्तीस वर्षं प्रयोगशाळेत लोकांचं रक्त काढलं, आता सुटले. निरोपाला सगळ्यांनी मिळून मला डिजिटल एसएलआर कॅमेरा दिला. सोबतच्या लेन्सवर अठरा ते पंचावन्न असं लिहिलं आहे. तू चाळीस वर्षं स्टुडिओ चालवलास, तेव्हा तूच सांग, आणखी कुठली लेन्स घेऊ? फ्लॅश कुठला घेऊ? मार्चमध्ये आईला, म्हणजे तुझ्या आत्याला, नव्वद पूर्ण होतात आणि या खेपेला फोटो मी काढणार, असं मी ताईला कळवून टाकलं आहे.

तुझ्यापासून काय लपवायचं? मागच्या महिन्यात आईला तपासायला नवे डॉक्टर आले होते. भिंतीवरचे फोटो बघून त्यांनी ताईला विचारलं, तुम्ही एकुलत्या एक का? ताईनं हे मला फोनवर हसत हसत सांगितलं. मीही हसले. फोन ठेवला आणि सगळे अल्बम काढून बसले.

बाबांनी ताईला कॅमेरा दिला तेव्हा ती पंधराची होती, मी नऊची. फोटो तिनं काढायचे, दिवा मी धरायचा. माझा हात हलत नाही म्हणे. पुढे टायमर आला. ती बटण दाबून पळत जायची आणि आईला खेटून बसायची. मी दिव्यासकट चौकटीबाहेर. त्रेपन्न वर्षांच्या अल्बमांत माझं एक कोपर आहे, दोनदा अंगठा आणि एकदा वेणीचं टोक. आईबरोबर माझा एकही फोटो नाही. आणि आईची नजर आता अधू होत चालली आहे, दादा. मी तिच्या शेजारी बसले आहे असा एक तरी फोटो मला हवा आहे. तशी आई एकाही फोटोत धड समोर बघत नाही, ही ताईची जुनी तक्रार. तिच्या कलेला तेवढाच काय तो डाग.

शाळेत सिस्टर सांगायच्या, सूड देवावर सोपवावा. इतकी वर्षं सोपवला होता. त्याच्याकडे बरीच कामं तुंबलेली दिसतात. तेव्हा मला अशी लेन्स सांग, जिच्यात ताईचं नाक भोपळ्याएवढं येईल, आणि असा फ्लॅश, ज्यातून तिची एकही सुरकुती सुटणार नाही.

वहिनीला नमस्कार. उत्तराची वाट बघायला लावू नकोस, एवढाच लोभ मागते.

तुझी,
धाकटी


१५ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

नाक मोठं करायला नवी लेन्स कशाला? आहे तीच अठरावर ठेव आणि ताईच्या तोंडाशी जाऊन उभी राहा. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा छोटा फ्लॅश समोरून मार, म्हणजे चेहरा सपाट, डोळे लाल आणि मागच्या भिंतीवर काळी सावली. असल्या फोटोंपायी मी गिऱ्हाइकांच्या पुष्कळ शिव्या खाल्ल्या आहेत. पण त्यात आत्याही तशीच दिसेल, एवढं लक्षात ठेव.

दुकानदार तुला हातभर लांब झूम दाखवेल. घेऊ नकोस. ती पक्ष्यांसाठी आणि मैदानांसाठी ठीक. आत्याच्या खोलीत तिला मागे सरकायला जागा मिळणार नाही. पन्नासची साधी लेन्स घे. तिला झूम नाही, पुढेमागे तूच व्हायचं. चेहरा जसा असेल तसा येतो आणि थोड्या उजेडात भागतं. मात्र शेजारी शेजारी दोघी असल्या तर अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, १.८ वर सताड उघडं ठेवू नकोस, एकीचे डोळे स्वच्छ येतील आणि दुसरी धुक्यात जाईल. ५.६ वर ने.

फ्लॅश वेगळा घे, मान फिरणारा, लांब वायरचा. आत्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, समोरचा झोत तिला सोसायचा नाही. उजेड बाजूनं, उंचावरून, पांढऱ्या छत्रीतून येऊ दे. स्टँडच्या भानगडीत पडू नकोस. त्या पलंगाच्या आणि कपाटाच्या मधून मांजरसुद्धा अंग चोरून जातं. कुणीतरी फ्लॅश हातात धरायला हवा, न कंटाळता. असं माणूस आधी शोध.

रागाचं मी काय सांगू? तुझा आहे, तूच सांभाळ. आत्याचा दिवस मात्र नासवू नकोस. वहिनी म्हणते, नाकाचा फोटो आलाच तर एक प्रत इकडेही पाठव.

आमची माया आहेच, तिला हिशेब नाही.

तुझा,
दादा


२ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

लेन्स आणली, फ्लॅश आणला, वायर आणली, छत्री आणली. शेजारणीच्या मांजरावर सराव चालू आहे. पहिल्या वीस फोटोंत नुसती शेपटी आली, आता मिशा मोजता येतात.

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा नाकाची योजना बारगळली म्हणून हिरमुसले. दुसऱ्यांदा वाचताना फ्लॅश हातात धरायला माणूस हवं, या वाक्यापाशी थांबले आणि एकटीच हसत सुटले. दादा, तू देवमाणूस आहेस. ताईला तेव्हाच फोन केला. म्हटलं, घरात तुझ्याइतकं उंच कुणी नाही आणि उजेडातलं तुझ्याइतकं कुणाला कळत नाही, तेव्हा फ्लॅश तूच धरायचास. ती निवृत्त मुख्याध्यापिका. कौतुक केलं की लगेच ताठ उभी राहते. हो म्हणाली.

आईचा दिवस नासणार नाही, हा शब्द देते. बाकी शब्द देत नाही.

तुझ्या लोभाच्या भरवशावर,
धाकटी


२६ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

फोटोंचं पाकीट मिळालं. चांगले आलेत, हे कबूल करते. आईच्या हातांचा तर मीसुद्धा इतका चांगला काढला नसता.

पण एक बोलू? सत्तेचाळीस फोटो आणि त्यात मी एकाही ठिकाणी नाही. एकात चार बोटं आहेत, ती माझी हे घड्याळावरून ओळखलं. तीन तास तू मला वर, अजून वर, जरा डावीकडे, असं करत राहिलीस. मी शाळेत कुठल्या मुलाला इतका वेळ उभं केलं नव्हतं. आठ दिवस झाले, खांद्याला मलम चोळते आहे.

आणि तुझा नि आईचा जो मोठा फोटो आहे, त्यात ती पुन्हा भलतीकडेच बघतेय. जन्मभर सांगत आले की लेन्सकडे बघ. तू टायमर लावून तिच्या शेजारी बसली होतीस, तुला दिसलं नसेल, पण आणखी एक काढायला काय झालं होतं? असला फोटो भिंतीवर लावायचा कसा?

लहानपणी तूही इतका वेळ दिवा धरायचीस का ग? हात दुखतो असं कधी म्हणाली नाहीस.

आई बरी आहे, तुझी आठवण काढते. येत जा. रागावली असलीस तरी ये.

तुझी,
ताई


७ एप्रिल

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

ताईचं पत्र सोबत पाठवते आहे. वाचून परत कर, ते मला जपून ठेवायचं आहे. मलमाचं वाक्य मी चार वेळा वाचलं. पाचव्यांदा चहा घेताना.

मग आई भलतीकडेच बघतेय, हे वाक्य टोचायला लागलं. मोठा फोटो काढून खिडकीपाशी नेला. पन्नासची लेन्स, ५.६, दोघी स्वच्छ. आईचा हात माझ्या मांडीवर. आणि नजर फ्लॅशवर, म्हणजे ताईवर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्रेपन्न वर्षांनी मी आईच्या शेजारी बसले, तर बघायला पुन्हा ताईच.

तडक आईला फोन लावला आणि विचारलं, तू ताईकडे का बघत होतीस? तिला प्रश्नच कळेना. मग म्हणाली, जिचा हात अवघडलाय तिच्याकडे कुणीतरी बघायला नको का? तू लहान होतीस तेव्हा तुझ्याकडे बघायचे, हलू नकोस म्हणून ताई ओरडायची ना तुला.

फोन ठेवला आणि अल्बम पुन्हा काढले. माझं कोपर उजवीकडे, तर आई उजवीकडे बघतेय. वेणीचं टोक डावीकडे, तर आईही डावीकडे. ताई तिला खेटून बसलेली, लेन्सकडे बघत, दात दाखवत. आणि आई दर फोटोत माझ्याकडे बघतेय. मी इतकी वर्षं स्वतःला शोधत होते ती चौकटीच्या आत, कडेकडेनं. आईच्या डोळ्यांत शोधायचं सुचलंच नाही. चष्मा पुसून पुसून शेवटी काढूनच ठेवला.

ताईला यातलं काही माहीत नाही. सिस्टर असत्या तर त्यांनी मला आजच्या आज तिला पत्र लिहायला बसवलं असतं. लिहीन. आई आहे तोवर लिहीन, तेवढी काही मी वाईट नाही. पण आज नाही, उद्याही नाही. मला कळायला त्रेपन्न वर्षं लागली. तिनं निदान खांदा बरा होईपर्यंत थांबावं. तोवर मलम चोळताना तिला वाटू दे, की आई भलतीकडेच बघत होती.

अशी असले तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
धाकटी