सांगण्यासारखं दुःख

दि. ४ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. सरांच्या या आत्मविश्वास शिबिरात मोबाइल जमा करून घेतात, त्यामुळे पत्राशिवाय इलाज नाही. माझ्या खोलीतल्या जोडीदाराला तुमचं पत्र वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, तुझे बाबा पत्रात खोकतात तेसुद्धा ऐकू येतं.

बातमी अशी की सरांनी मला व्यासपीठासाठी निवडलं! आजवर दारात उभं राहून लोकांना हसून आत सोडणं एवढंच माझं काम होतं. पुढच्या महिन्यापासून सरांच्या आधी थोडा वेळ मी बोलणार, हजारभर माणसांपुढे. सर म्हणाले, तुझ्या आवाजात काहीतरी आहे, फक्त तुझी गोष्ट पक्की करायला हवी. इथे प्रत्येक वक्त्याची एक गोष्ट असते, आपण कुठल्या खड्ड्यात पडलो होतो आणि त्यातून कसे वर आलो अशी. माझ्या गोष्टीवर काम चालू आहे.

बाबा, गेल्या वर्षी याच दिवसांत मी भिंतीकडे तोंड करून पडलेलो असायचो. नोकरी गेली आणि अंगातलं सगळंच गेलं. तुम्ही दाराबाहेर चहा ठेवून जायचात आणि गार झालेला कप मुकाट्याने उचलून न्यायचात. त्यातून सरांनी मला बाहेर काढलं, हे मी जन्मभर विसरणार नाही.

कार्यक्रमाला यायची घाई मात्र करू नका. फार गर्दी असते, तुमची पाठ दुखेल. आईला नमस्कार, ताईच्या छोटीला पापा. लोभ वाढवा, वाढत नसेल तर निदान आटू देऊ नका.

आपला,
भोंगा

दि. ११ जानेवारी

चि. भोंग्यास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र मी दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला वाचून दाखवतोय, त्यामुळे तुझ्या आईने कपाळाला हात लावला आहे. तू जन्मलास तेव्हा दवाखान्याच्या दुसऱ्या टोकाला तुझं रडणं ऐकू येत होतं. नर्स म्हणाली, हा काय भोंगा आलाय! तेव्हाच मी नाव पक्कं केलं. आता तोच भोंगा लोक तिकीट काढून ऐकणार. आम्ही इतकी वर्षं फुकट ऐकला, तोही कानांवर हात ठेवून.

दुकान जोरात आहे. एका निवृत्त हेडमास्तरांचा सोफा दुरुस्तीला आला होता. उघडला तर आत त्यांची कवळी! ती सुनेने कचऱ्यात टाकली असा बिचारीवर आळ होता. मास्तर कवळी घेऊन गेले. सुनेची माफी मागितली की नाही कळलं नाही, पण तोंडात दात नाहीत ही सबब तरी आता त्यांना सांगता येणार नाही. शिवाय मोठ्या नाट्यगृहाचं काम मिळालंय. सगळ्या खुर्च्यांचं कुशन आणि कापड नवं करायचं आहे. व्यवस्थापक भला माणूस आहे, कामाच्या मध्ये मध्ये करत नाही.

तुझ्या खड्ड्याच्या गोष्टीबद्दल म्हणशील तर आपल्या घरात खड्डा म्हणजे तू पडून होतास त्या गादीला पडलेला. तो मी कापूस घालून भरून काढलाय. तुला व्यासपीठावर सांगायला उपयोगी पडला तर खुशाल सांग.

जेवत जा. आवाजाला जप, आमच्या कानांना आता सवय झाली आहे. लोभ आहेच, पावती मागू नकोस.

तुझा,
बाबा

दि. २० फेब्रुवारी

चि. भोंग्यास,
अ. उ. आशीर्वाद.

रागावणार नाहीस असं धरून लिहितो. परवा मी तुझ्या कार्यक्रमाला आलो होतो. मी खुर्च्या केल्या तेच नाट्यगृह. व्यवस्थापकाने पास दिला. मागच्या बाजूला माझ्याच हातच्या खुर्चीत बसलो. तुला चकित करायचं होतं.

दिवे मंद झाले, संगीत वाजलं, तू आलास. काय बोललास रे! लहानपणी दर वाक्याला अडखळणारा तू, आणि परवा सगळं सभागृह तुझ्या मुठीत होतं. मग तू तुझ्या वडिलांची गोष्ट सुरू केलीस. शाळेतून वक्तृत्वाचं बक्षीस घेऊन आलास, तर त्यांनी ते भिंतीवर आपटलं. म्हणाले, नुसती बडबड करणाऱ्यांचं काही होत नसतं, तुझंही होणार नाही. आणि तुला जिन्यात उभं करून दार लावून घेतलं. माझ्या शेजारच्या बाईंनी रुमाल काढला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. खरंच सांगतो, त्या पोराची मला फार कीव आली. जरा वेळाने लक्षात आलं की तो पोरगा म्हणजे तू, आणि तो बाप म्हणजे मी.

बाई म्हणाल्या, असल्या माणसांना देवाने मुलं देऊच नयेत. मी म्हटलं, खरं आहे. दुसरं काय म्हणणार? नंतर तुझ्याभोवती लोकांचा गराडा होता, म्हणून भेटलो नाही. मागच्या दाराने निघालो.

आता एक विचारतो, त्याचं खरं उत्तर दे. बक्षीस मी आपटलं नाही आणि जिन्यात उभं केलं नाही, एवढी मला खात्री आहे. पण ते वाक्य? मी दिवसभर काहीबाही बडबडत असतो. थट्टेत कधी बोलून गेलो असेन आणि तुला लागलं असेल, तर मला आठवत नाही. परवापासून तेवढंच आठवून बघतोय. तू वर्षभर पडून होतास ते त्यामुळे तर नव्हे?

आईला यातलं काही बोललो नाही. तूही लिहू नकोस.

तुझा,
बाबा

दि. २८ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि ताट बाजूला सारून लिहायला बसलो. बाबा, तुम्ही असं कधीही बोलला नाहीत. थट्टेतसुद्धा नाही. ते वाक्य सरांचं आहे.

कसं झालं ते सांगतो. गोष्ट पक्की करायला आम्हाला गोल करून बसवलं होतं. एकाची आई त्याला लहानपणी सोडून गेली होती. एकीला नवऱ्याने घराबाहेर काढलं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं की नोकरी गेली, पडून राहिलो, बाबा चहा ठेवून जायचे. सर हसले. म्हणाले, चहा देणाऱ्या बापाची गोष्ट ऐकायला कोण येईल? तुझ्याकडे सांगण्यासारखं दुःखच नाही. आणि बाबा, मला खरोखर त्याची लाज वाटली. मग सरांनी गोष्ट रचून दिली आणि मी ती पाठ केली. ते म्हणाले, याला खोटं म्हणत नाहीत. यातला बाप म्हणजे आपल्याला नाही म्हणणारा जगातला प्रत्येक माणूस.

पण लोकांना त्याचा उपयोग होतो हो. एक बाई कित्येक महिने घराबाहेर पडली नव्हती. ती माझं भाषण ऐकून कामावर परत गेली. माझे हात धरून रडली. ते रडणं मी खोटं कसं म्हणू? आणि सरांना तरी नाही कसं म्हणू? तुम्ही सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होतात, आजाऱ्याशी बोलावं तसं. ऊठ असं एकट्या सरांनी म्हटलं आणि मी उठलो.

थोडे दिवस चालू द्या. जरा बस्तान बसलं की गोष्ट बदलून घेईन. माझ्यावरचा लोभ कमी झाला असेल तर तसं लिहा, पण लिहा.

आपला,
भोंगा

दि. १७ मार्च

प्रिय भोंग्या,
अ. आ.

तुझं भाषण आता ज्याच्या त्याच्या मोबाइलवर आहे. आईने ते शेजारणीकडे पाहिलं. तेव्हापासून तुझा विषय निघाला की ती भांडी आपटते. तिचं मला काही वाटत नाही, भांडी आपटते तोवर तिची तब्येत ठणठणीत असते. मला काळजी बाबांची आहे.

बाबा थट्टा करत नाहीत. परवा छोटी त्यांच्या शिवणयंत्रावर चढली. एरवी ते म्हणाले असते, उतर, नाहीतर उशीत भरून शिवून टाकीन, आणि ती खिदळत सुटली असती. या वेळी त्यांनी तिला अलगद उचलून खाली ठेवलं. मग मला बाजूला घेऊन विचारलं, तिला फार घट्ट तर नाही ना धरलं? गिऱ्हाइकांशीसुद्धा तोलून मापून बोलतात.

तुझं पत्र त्यांनी मला दाखवलं. मी म्हटलं, बघा, तोच लिहितोय की तुम्ही असं कधी बोलला नाहीत. तर म्हणाले, पोरगं मनाचं मोठं आहे, मला वाईट वाटू नये म्हणून तसं लिहितं. हजार माणसांपुढे कोणी बापाबद्दल उगाच बोलेल का? आणि ऐक. त्यांनी तुझ्या सरांचं पुस्तक आणलंय, मुलांशी कसं बोलावं याचं. चष्मा लावून त्यात खुणा करत बसतात. ते बघून मी आत जाऊन रडले.

तुला शिव्या द्यायच्या म्हणून लिहायला बसले होते, पण तुझं ते वर्ष मीही पाहिलं आहे. तेव्हा तुला सरांनी उठवलं असेल, मी वाद घालत नाही. आता इथे बाबा खचत चाललेत आणि त्यांना उठवणं सरांच्या हातात नाही. मला उत्तर लिहू नकोस, काय करायचं ते कर.

तुझी,
ताई

दि. २४ मार्च

प्रिय मुला,
अनेक आशीर्वाद.

तू हुशार आणि मेहनती आहेस. तुझ्या प्रयत्नांचा मला अभिमान वाटतो. तुझ्या भावना महत्त्वाच्या आहेत आणि मी त्या समजून घेऊ इच्छितो. तू जसा आहेस तसा मला आवडतोस.

दुकान ठीक आहे. पाठ ठीक आहे.

तुझा,
बाबा

ता. क. वरची वाक्यं सरांच्या पुस्तकात बघून लिहिली आहेत. काही चुकलं असेल तर कळव, पुढच्या पत्रात सुधारेन.

दि. ९ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मोबाइल परत मिळाला आहे, पण फोन केला तर मला बोलता येणार नाही, म्हणून लिहितो.

तुमचं पत्र वाचलं. अक्षर तुमचं होतं, बाकी तुमचं काहीच नव्हतं. ते खिशात घेऊनच काल व्यासपीठावर गेलो आणि पाठ केलेलं बोललोच नाही. सांगितलं की मी आजवर माझ्या वडिलांबद्दल खोटं बोलत आलो, त्यांनी मला एका शब्दानेही दुखवलेलं नाही. ते सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करतात. शाळेत माझ्या प्रत्येक भाषणाला पुढे येऊन बसायचे आणि मी विसरलो की ओठ हलवून पुढचा शब्द सांगायचे, तो नेमका चुकीचा असायचा. मग त्या वर्षाचं सांगितलं. तुम्ही रोज चहा ठेवत होतात, आणि मी तो पीत नाही हे माहीत असूनही रोज ठेवत होतात.

मला वाटलं होतं लोक रडतील. बाबा, लोक जांभया द्यायला लागले. काही जण उठून गेले. एक जण ओरडला की हे ऐकायला आम्ही तिकीट काढलं का? मग सरांनी माइक बंद करायला लावला. शेवटचं मी नुसत्या तोंडाने ओरडून सांगितलं, ते मागे पोचलं नसणार. ज्यांनी आधीचं भाषण पाहिलंय त्यांच्यापर्यंत तर हे कधीच पोचणार नाही. तेवढं मला भरून देता येत नाही.

सर रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, तू परत भिंतीकडे तोंड करून पडशील. मला त्याचीच भीती वाटते. पडणार नाही असं छातीठोकपणे सांगता येत नाही. शिबिर सोडलं, सध्या खोलीतल्या जोडीदाराच्या बहिणीकडे आहे, पत्ता मागे लिहिला आहे. पुढच्या आठवड्यात घरी येतो. आईला सांगा, भांडी काढून ठेव.

आणि बाबा, पुस्तकातलं काही मला लिहू नका. तुमच्या तोंडचं काहीही चालेल.

आपला,
भोंगा

दि. १३ एप्रिल

चि. वायर तुटलेल्या भोंग्यास,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र पहिल्यांदा उभ्या उभ्याच वाचलं. चष्मा पुसून दुसऱ्यांदा वाचायला घेतलं आणि लोक उठून गेले इथे येऊन थांबलो. अरे गाढवा, लोकांनी खुर्चीतून उठू नये म्हणून माझी सगळी हयात खिळे ठोकण्यात गेली, आणि तू एका दमात रांगाच्या रांगा रिकाम्या केल्यास! बापाचा धंदा बुडवायला निघालास की काय?

चुकीचा शब्द सांगायचो हे मात्र साफ खोटं. माझा शब्द बरोबर असायचा, तुझं भाषण चुकायचं. व्यासपीठावरून इतकं खरं बोललास, त्यात एवढं एक खोटं कशाला घुसडलंस?

परत पडेन म्हणतोस, तर पड बापडा. गादी तुझीच आहे. पण या वेळी मी चहा दाराबाहेर ठेवणार नाही. आत घेऊन येईन, उशाशी बसेन आणि तू पिईपर्यंत बडबडत राहीन. मागच्या खेपेला गप्प बसलो, कारण तुला काही लागेल अशी भीती वाटली. आता तुझी तक्रार ऐकून घेणार नाही. तू मला आवडतोस वगैरे लिहिलं होतं, तेही मी पुस्तक बघून लिहिलं असलं तरी खरंच होतं. ते परत घेत नाही.

हे लिहिताना मी इतक्या मोठ्याने हसलो की तुझी आई हात पुसत बाहेर आली, घरात कोण आलंय ते बघायला. मी म्हटलं, अजून कोणी नाही, पण येतोय.

तुझा,
बाबा